हॅनोव्हरला गेल्यावर 'झेल्क' मंडळीत जावं का?

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुम्ही विचारलंय की, आम्ही अहिल्यानगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले, नोकरीसाठी जर्मनीत हॅनोव्हरला चाललोय, घराजवळ 'झेल्क' नावाचं स्वतंत्र लुथरन (मार्टिन लुथरच्या शिकवणीचं) चर्च आहे. तिथे जावं का, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) मिळेल का, चर्चकर लागेल का?

आधी कराचं, कारण ते पहिल्या दोन आठवड्यांतच ठरतं. राहायला गेल्यावर तेवढ्या मुदतीत नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे 'एव्हांगेलिश' लिहिलंत की मोठ्या प्रादेशिक प्रोटेस्टंट चर्चचे सभासद म्हणून तुमची नोंद होते आणि आयकराच्या 9 टक्के रक्कम चर्चकर म्हणून पगारातून कापली जाते. (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8 टक्के.) झेल्क सरकारमार्फत कर घेत नाही, पाळकांचे पगार सभासदांच्या स्वेच्छेच्या वर्गणीतून होतात. म्हणून झेल्कमध्येच जायचं असेल, तर कर घेणाऱ्या कुठल्याही चर्चचे आम्ही सभासद नाही, असं क्लार्कला स्पष्ट सांगा. एकदा चुकीची नोंद झाली की बाहेर पडायला कार्यालयात जाऊन शुल्क भरून निवेदन द्यावं लागतं, आणि कापलेले पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

आता प्रभुभोजन. इथे मन दुखावण्याची खरी शक्यता आहे, म्हणून थोडा इतिहास. 1817 मध्ये प्रशियाचा राजा फ्रिडरिश विल्हेल्म तिसरा याने लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या एकत्र आणायला घेतल्या. नव्या उपासनापुस्तकात भाकर देतानाचे शब्द 'प्रभू येशू ख्रिस्त म्हणतो, हे माझं शरीर आहे' असे ठेवले, म्हणजे ज्याला जसं मानायचं तसं मानता यावं. ब्रेस्लाऊचे योहान शाइबेल आणि त्यांच्यासारखे लुथरन अडले ते इथेच: भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर आहे, हे मोघम ठेवता येत नाही. पाळक तुरुंगात गेले, कित्येक कुटुंबं ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला निघून गेली. त्या परंपरेच्या मंडळ्यांनी 1972 मध्ये एकत्र येऊन झेल्क स्थापली. पूर्व जर्मनीतले बंधू 1991 मध्ये सामील झाले.

आपली सीएनआय 1970 मध्ये नागपुरात सहा चर्चच्या एकीकरणातून उभी राहिली. म्हणजे जी गोष्ट आपला पाया, तिलाच नकार देऊन ही मंडळी जन्मली. त्यामुळे पाहुण्याला थेट प्रभुभोजन मिळत नाही. आधी पाळकाशी बोलावं लागतं. हा तुमच्या विश्वासाचा अपमान नव्हे. एकत्र वेदीपाशी येणं म्हणजे एकच शिकवण कबूल करणं, असं ते मनापासून मानतात, आणि मला ही भूमिका आदरणीय वाटते.

बाकी शिकवण: बायबल हे देवाचं अचूक वचन, 1580 च्या 'एकवाक्यता ग्रंथा'तले (लुथरन शिकवणीच्या संग्रहातले) विश्वासांगीकार बंधनकारक, बालकांचा बाप्तिस्मा, पाळकासमोर खाजगी पापकबुली. पाळकदीक्षा फक्त पुरुषांना. महिला पाळकांची सवय असेल तर हे जाणवेल. तुमचा बाप्तिस्मा त्र्येक देवाच्या नावाने पाण्याने झालेला असल्यामुळे पुन्हा घ्यावा लागत नाही, पण सभासद व्हायचं तर शिकवणीचे वर्ग करावे लागतात.

उपासना बहुतेक जर्मनमध्येच असते. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले, पाळकांचं पत्र, आणि तिन्हींचा इंग्रजी तरी अनुवाद इथूनच घेऊन निघा. पहिल्या रविवारच्या आधी तिथल्या पाळकांना ईमेल करून ठेवा, म्हणजे वेदीपाशी नकार ऐकायची वेळ येणार नाही.