आय७ आणि ३०५०चं कोटेशन मिळालंय. ८० हजारांच्या गेमिंग पीसीत पैसा नक्की कुठे घालावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॉनिटर घरी आहे (१०८०पी, १४४ हर्ट्झ), बजेट ८० हजार, खेळायचंय व्हॅलरंट, जीटीए ५ आणि सायबरपंक २०७७. दुकानदाराने दिलेलं कोटेशन म्हणजे इंटेल आय७-१२७००एफ, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, बिननावाचा ‘५०० वॉट’ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. घ्यावं का?

नाही. ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे. ‘आय७’ हा शब्द विकला जातो, म्हणून तो कोटेशनच्या पहिल्या ओळीत असतो. गेम मात्र शेवटच्या ओळींवर अडकतो.

आधी ते ग्राफिक्स कार्ड बघा. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं आहेत. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर, १२८ बिटची मेमरी बस आणि १३० वॉट. २०२४मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर, ९६ बिट आणि ७० वॉट. म्हणजे फरक फक्त २ जीबीचा नाही, अख्खं कार्डच हळू आहे. त्याचा एकच खरा गुण: ते स्लॉटच्या ७५ वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या ऑफिसच्या पीसीत बसवायला ठीक. ८० हजारांच्या नव्या मशीनमध्ये त्याचं काम नाही.

आता प्रोसेसर किती हवा? १४४ हर्ट्झ म्हणजे दर फ्रेमला साधारण ६.९ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरने फ्रेमची तयारी करायची आणि कार्डाने ती रंगवायची. जो मागे राहील त्याच्या वेगाने गेम चालतो. रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. व्हॅलरंट कार्डाला फारसं दमवत नाही, तिथे प्रोसेसर मोजला जातो. पण १४४साठी ६ कोअरचा आय५-१२४००एफ भरपूर झाला. सायबरपंकमध्ये चित्र उलटं, तिथे १२७००एफचे १२ कोअर ३०५०च्या तोंडाकडे बघत बसतील. शिवाय १२७००एफ टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगात, १८० वॉटपर्यंत जातो. स्वस्त एच६१० बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर बऱ्याचदा हीटसिंकसुद्धा नसतो. तो तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. आय७चे पैसे भरून आय५चा वेग मिळायचा.

म्हणून ते पैसे कार्डात वळवा. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे रुपये न सांगता वाटे सांगतो: एकूण बजेटचा ४० टक्के वाटा कार्डाला, २५च्या आसपास प्रोसेसर आणि बोर्ड मिळून, २० रॅम आणि एसएसडीला, उरलेला एसएमपीएस आणि कॅबिनेटला. यूपीएस यात धरलेला नाही.

कार्डांत तुमच्यासाठी तीन नावं. आरटीएक्स ५०६०: ८ जीबी, १४५ वॉट. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी: १६० वॉट. इंटेल आर्क बी५८०: १२ जीबी, १९० वॉट. अमेरिकेत ती अनुक्रमे २९९, ३४९ आणि २४९ डॉलरला बाजारात आली. आपल्याकडे यातलं अंतर दुकानागणिक बदलतं. मी ९०६० एक्सटी १६ जीबी निवडेन, आणि कारण फक्त मेमरी. याचीही ८ जीबीची आवृत्ती त्याच नावाने विकली जाते, ती नको.

८ जीबी भरली की नेमकं काय होतं? न मावलेली टेक्स्चर्स (वस्तूंवर चढवलेली चित्रं) मुख्य रॅममध्ये जातात आणि तिथून बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने परत आणावी लागतात. ५०६०च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. हे कार्ड त्या मार्गाच्या ८च लेन वापरतं; पीसीआय एक्सप्रेस ४.०च्या बोर्डावर त्यांचा वेग साधारण १६ जीबी, ३.० बोर्डावर ८ जीबी. म्हणजे हायवेवरून एकदम बोळात. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) चांगला दिसतो, पण वळणावर गेम अडखळतो किंवा भिंतींवरची चित्रं धूसरच राहतात. यूट्यूबवरची तुलना बघताना म्हणून सरासरीपेक्षा ‘१ टक्का लो’ (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून घालणं) चालू केलं तर त्यालाही मेमरी लागते, आणि माऊसचा प्रतिसाद त्याने सुधारत नाही, उलट किंचित मंदावतो. व्हॅलरंटसारख्या गेमला त्याचा उपयोग नाही.

५०६० कधी घ्यावं? ब्लेंडरमध्ये रेंडर करत असाल, किंवा कुडावर (एनव्हिडिया कार्डांच्या स्वतःच्या तंत्रावर) चालणारं दुसरं काही काम असेल तर. मग सायबरपंकमध्ये टेक्स्चर्स एक पायरी खाली ठेवा आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) वापरा. बी५८० स्वस्तात मिळालं तरी एक अट आहे: बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रीसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय, चालू हवाच, आणि कमजोर किंवा जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग इतर कार्डांपेक्षा जास्त घसरतो.

प्रोसेसरला दोन वाटा. आय५-१२४००एफ, डीडीआर४चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड. १२४००एफ टर्बोतही ११७ वॉटच्या वर जात नाही, त्यामुळे बजेट ताणलं तर बरा एच६१०सुद्धा चालेल. दुसरी वाट रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड, त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते. पुढे फक्त प्रोसेसर बदलून मशीन वाढवायची असेल तर या रायझनचं एएम५ सॉकेट शहाणपणाचं. १२४००एफचं इंटेलचं सॉकेट, एलजीए १७००, आता पुढे जाणार नाही. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की ८० हजारांत मी आज १२४००एफ आणि डीडीआर४ घेईन आणि वाचलेले पैसे कार्डात घालेन. बोर्ड घेताना खोक्यावर डी४ की डी५ ते वाचा. बी७६० दोन्हींत येतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही.

रायझन ५ ५६००जी कोणी सुचवला तर नको म्हणा. त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी (५६००चा ३२) आणि तो पीसीआय एक्सप्रेस ३.०वरच थांबतो. मग वर सांगितलेला बोळ आणखी अरुंद होतो.

रॅम १६ जीबीची एक नको, ८-८च्या दोन घ्या. दोन चॅनल मिळाले की प्रोसेसरवर अडकणाऱ्या गेममध्ये फरक लगेच जाणवतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम निमूट २१३३ किंवा २६६६वर चालते आणि कोणाला पत्ता लागत नाही. हे दुकानातले लोक सर्रास विसरतात. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. सायबरपंक आता किमान अटींतच एसएसडी मागतो आणि त्याला एकट्याला ७० जीबी लागतात.

एसएमपीएसवर मात्र अजिबात वाचवू नका. हिशेब सोपा: कार्ड १६०, प्रोसेसर ११७, बाकी सगळं ५० धरा, म्हणजे ३३० वॉटच्या आसपास. त्यावर कार्डाचे क्षणिक झटके येतात. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) पुरेसा. बिननावाच्या डब्यावर ५०० लिहिलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते स्टिकरवर वाचा. ५५० वॉटच्या चांगल्या युनिटमध्ये तो आकडा ४५च्या आसपास असतो. कार्डाची ८ पिनची केबल एसएमपीएसमधूनच यायला हवी. ती १५० वॉट वाहते. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या कनेक्टरवरून) जोड काढला तर कनेक्टर वितळू शकतो.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. मॉनिटरसकट गेम चालू असताना लाइट गेली की तो बॅकअप न देता ओव्हरलोडची बोंब मारून बंद पडेल. १००० किंवा ११०० व्हीए बघा, वॉटचा आकडा ६००च्या जवळ हवा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी लावणार असाल तर त्याचा यूपीएस मोड चालू ठेवा. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. पीसी आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, पुढे दोन पंखे आणि मागे एक. पुढून काच असलेली कॅबिनेटं दिसायला झकास, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात आतला पंखा किंचाळत राहतो.

मशीन जोडल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. ‘एफ’वाल्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्लेच नसतो, तिथे पडदा काळा राहील. डिस्प्लेपोर्ट वापरा आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ हाताने निवडा. अनेकांचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६०वर चालतो. विंडोज ११वर व्हॅलरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सेटिंग चालू लागतात, नाहीतर गेम उघडणारच नाही. एएम५ घेतलात तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, तेव्हा बटण दाबून बंद करू नका.

प्रोसेसर अडतोय की कार्ड ते सांगणाऱ्या ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ नावाच्या साइट्सवर वेळ घालवू नका. एमएसआय आफ्टरबर्नरने गेममध्येच कार्डाचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. ६०-७०वर असेल आणि एफपीएसवर मर्यादा लावलेली नसेल, तर सेटिंग एकदम खाली आणून बघा. एफपीएस तरीही वाढला नाही तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमचा.

दुकानात पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा. मेमरी साइझ, बस विड्थ आणि बस इंटरफेस या तीन चौकटी कोटेशनशी ताडून बघा. बस इंटरफेससमोर १.१ दिसलं तर घाबरू नका, कार्ड झोपलेलं असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा, खरा आकडा दिसेल. बिलावर प्रत्येक भाग वेगळा, सीरियल नंबरसह लिहून घ्या. ‘गेमिंग पीसी, १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊन निघू नका, वॉरंटीला कार्ड पाठवायची वेळ आली की ते काही कामाला येत नाही.