राग मनात ठेवून प्रभुभोजन घेतलं, म्हणून शिक्षा झाली का?

सोलापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांशी बोलताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेकदा कुणीतरी आजारी असतं.

मागे आलेल्या एका ताईंचं तसंच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. धाकट्या जावेशी नळावरून भांडण झालेलं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड, त्यात दोन घरांत एकच कनेक्शन. त्या रविवारी जावेकडे पाठ फिरवूनच ताईंनी प्रभुभोजन घेतलं आणि त्याच आठवड्यात यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट आलं की त्या ते तसंच पुढं सरकवायच्या. द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांकडे बघायच्याही नाहीत. शेजारच्या बाया बघतात, ते दुखणं वेगळंच.

"करिंथच्या पत्रात लिहिलंय ना मॅडम, अयोग्य रीतीनं खाल्लं म्हणून पुष्कळ जण आजारी पडले. आणि उपकारस्तुतीला उभं राहिलं, तर आभार कशाचे मानू?"

आधी मी यजमानांची फाईल मागवली. डिस्चार्ज कार्डावर उच्च रक्तदाब. गोळ्या घ्यायचे का? "बरं वाटलं की सोडायचे." रक्तदाबाची गोळी मनानं बंद केल्यानं झटक्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताईंच्या डोक्यात मात्र ते वचनच बसलेलं. सगळा दोष पापावर गेला की गोळ्या पुन्हा राहून जातात, म्हणून या बाबतीत मी घाई करते.

मग बायबल उघडलं. ते वचन कडकच आहे, मी ते पातळ केलं नाही. पण करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात थोडं मागून वाचलं, की पत्र लिहिणारा प्रेषित पौल कशावर चिडलाय ते कळतं. सधन मंडळी आधीच खाऊन-पिऊन मोकळी व्हायची, गरीब उपाशी राहायचे. उपाय काय सांगतो? स्वतःची परीक्षा करा आणि मग खा; एकमेकांसाठी थांबा. ताई परीक्षा करायच्या आणि उपाशीच उठायच्या. आजारावरून पाप मोजायचा हिशेब तर जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारला, तेव्हा येशूनंच नाकारला (योहान ९).

राहिले आभार. दुःखातल्या माणसाला मी 'कृतज्ञतेची यादी लिहा' असं सांगत नाही, चीडच येते त्यानं. येशूनं भाकर घेऊन उपकारस्तुती केली ती धरून दिलं जाण्याच्या रात्री, आणि धरून देणारा शिष्य यहूदा त्याच मेजावर होता. आभार भाकरीचे होते. दग्याचे कुणी मानायला सांगितलेले नाहीत, तसे झटक्याचेही नाहीत. ताईंना ८८वं स्तोत्र वाचायला दिलं. शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच. "हे पण बायबलात?" म्हणाल्या.

जावेचा विषय मात्र मी सोडला नाही. मत्तयाच्या ५व्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. ताईंचं म्हणणं, आधी तिनं यावं. यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी एका पाण्याच्या दिवशी ताईच म्हणाल्या, "आज आधी तू भरून घे." जावेनं माफी वगैरे काही मागितली नाही. पाणी भरलं आणि गेली.

पुढच्या महिन्यात ताईंनी भाकर घेतली. यजमानांची फिजिओथेरपी चालू आहे, आणि रात्रीच्या गोळीची आठवण आता जावेचा मुलगा करतो.