यंत्र नको, बाबा हवेत

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यात पाच प्रश्न आहेत आणि मी पहिल्यातच अडकले. त्या लिहितात:

"मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये त्याला रिसीव्हर म्हणून घेतलंय, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलून पळणारा. खोलीत जेरी राइस या जुन्या नामवंत रिसीव्हरची ८० नंबरची लाल जर्सी टांगली आहे आणि आमच्या लग्नाच्याही आधीचे सामने बघत बसतो. घरी चेंडू टाकायला कुणी नाही म्हणून चेंडू फेकणारं यंत्र मागतोय. ह्यांना विचारलं तर म्हणाले, झेलच घ्यायचे असतील तर क्रिकेट खेळ म्हणावं, निदान मला कळेल तरी. काय करू, घेऊन देऊ का यंत्र?"

अजिबात नको.

तुम्ही ते वाक्य नवऱ्याच्या आडमुठेपणाचा पुरावा म्हणून लिहिलंत. मला त्यात आडमुठेपणा कमी दिसला. "निदान मला कळेल तरी" असं म्हणणारा माणूस पोराच्या खोलीबाहेर उभा आहे आणि दार कसं वाजवायचं ते त्याला सुचत नाहीये. सातनंतर त्याचे इंडियाशी कॉल, सातच्या आत पोराची प्रॅक्टिस. मधल्या वेळात दोघांचं बोलणं काय, तर गृहपाठ झाला का आणि वायफाय का चालत नाही. मी काही तुमच्या घरात डोकावलेलं नाही. आपल्या सगळ्यांच्या घरात हेच आहे.

नेहमीचे वाचक आता हसतील. आली ताई तिच्या गाडीवर! आले, मग काय. बापाने मुलाबरोबर हाताने काहीतरी करावं, हे मी याआधी शेल्फ लावण्यावरून सांगितलंय, पुरणावरून सांगितलंय, आज फुटबॉलवरून सांगते. आणि या वेळी तुमच्या मुलाचा देवच माझ्या बाजूने आहे.

जेरी राइस मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या एवढ्याशा गावातला. वडील गवंडी, घरात आठ मुलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी वडिलांच्या हाताखाली कामाला जायचं. जेरी वर परांचीवर उभा, खालून भाऊ विटा फेकणार आणि हा त्या हवेत झेलून वडिलांपुढे ठेवणार. मिसिसिपीच्या उन्हात तापलेली वीट हाती घ्यायची म्हणजे काय, ते आपल्याकडे ज्यांनी बांधकाम पाहिलंय त्यांना सांगायला नको. हात कडक ठेवला तर कातडं सोलून निघतं. वीट हातात आली की हात तिच्याबरोबर थोडा मागे न्यावा लागतो. चेंडूचंही तेच. पुढे वडिलांनी सांगितलं होतं की, विटा हाताळणारा त्याच्यासारखा गडी आपल्याला दुसरा मिळाला नाही.

हे वाचलं तेव्हा मला इचलकरंजीचं आमचं घर आठवलं. पुढच्या खोलीत दोन माग, मागे आम्ही. वडील बोलणारे नव्हते. शाळेतून आलं की मी कांड्या भरायची आणि धाकटा भाऊ तुटलेल्या सुताला गाठ मारायचा. दोन बोटांत, न बघता, माग थांबायच्या आत पुढच्या धाग्याकडे. वडिलांनी त्याला शाबासकी दिलेली मला आठवत नाही, पण त्यांनी मागाकडे न बघता नुसता हात पुढे केला की कांडी कुणी द्यायची हे आम्हाला कळायचं. आज भाऊ साठीचा आहे, सांगलीत बँकेतून निवृत्त झाला. बाबांबद्दल बोलायला लागला की अजून त्याची दोन बोटं आपोआप हलतात.

माझ्या घरी मात्र मी हे केलं नाही, तेही सांगते. मुलगा लहान असताना कुंपण मोडलं. ह्यांनी माणूस बोलावला. नळ गळला, माणूस बोलावला. पोराने अभ्यास करावा म्हणून त्याला हातोडीसुद्धा धरू दिली नाही. आता तो अडतीस वर्षांचा आहे. दर रविवारी फोन करतो, बाबांशी दीड मिनिट बोलतो, "आईला देतो" असं बाबा म्हणतात आणि फोन माझ्याकडे येतो.

तर राइसकडे वळू. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याच्या आईचाही फुटबॉलला विरोध होता. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी तिने खेळू दिलं नाही. मग एकदा शाळा बुडवताना पकडला गेला तेव्हा तो असा काही पळाला की, शिक्षा तर झालीच, पण त्याच्या पायांची बातमी फुटबॉलच्या कोचपर्यंत पोचली. कॉलेज मिळालं मिसिसिपी व्हॅली स्टेट, मोठ्या नावांतलं नव्हे. तिथून १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्याच फेरीत, सोळाव्या क्रमांकावर उचललं. आणि पहिल्या वर्षी या विटा झेलणाऱ्या पोराच्या हातून चेंडू निसटायला लागले! घरच्याच मैदानावर लोकांनी हुर्यो उडवली. हात तेच होते. पण तिथले कोच बिल वॉल्श यांच्या पद्धतीत रिसीव्हरने ठरलेल्या पावलाला वळायचं आणि तो वळायच्या आधीच चेंडू निघालेला असायचा. राइसच्या डोक्यात पावलांचा हिशेब चाललेला, हातांकडे लक्ष कुठून राहणार? डिसेंबरात रॅम्स संघाविरुद्ध एका रात्रीत त्याने २४१ यार्ड काढले, म्हणजे झेल घेऊन चेंडू तेवढा पुढे नेला, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं तो थांबलाच नाही. कारकिर्दीत एकूण २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला. तुमच्या ह्यांना क्रिकेटच्या भाषेत सांगा: पहिल्या आणि दुसऱ्यात एका चांगल्या खेळाडूच्या अख्ख्या कारकिर्दीएवढं अंतर आहे.

जानेवारी १९८९ चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, आम्ही घरमालकांच्या दिवाणखान्यात बघितला. सॅन होजेत येऊन चार महिने झाले होते. सामान म्हणजे दोन बॅगा आणि प्रेशर कुकर. ह्यांचं एकच पालुपद, "हे दर मिनिटाला थांबतात कशाला?" त्या दिवशी राइसने सिनसिनाटीविरुद्ध २१५ यार्ड काढले आणि सामनावीर झाला, पण शेवटी चौतीस सेकंद उरलेले असताना जिंकून देणारा झेल घेतला जॉन टेलरने. घरमालक सोफ्यावर उभे राहिले. आम्हाला काही कळलं नव्हतं, तरी आम्हीही उभे राहिलो.

एका ठिकाणी माझी गाडी अडखळते, ते लपवत नाही. २०१० साली ओहायोतल्या कँटनला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला, तेव्हा राइसने सांगितलं की, आपल्याला आयुष्यभर पळवलं ते अपयशाच्या भीतीने, आणि मिळवलेल्या कशाचाच आनंद घ्यायला आपण थांबलो नाही याची खंत वाटते. वडील कडक होते, ती भीती तिथेच सुरू झाली. म्हणजे परांचीवर उभं करणारा बाप तेवढा घ्या, धाक मागे ठेवा. हे मला माझ्या वडिलांबद्दलही म्हणता येईल, पण आज नको.

आता तुमच्या ह्यांनी काय करायचं. चेंडू त्यांनी टाकायचा. "मला येत नाही," म्हणतील. उत्तमच! मुलाने शिकवायचं. बोटं शिलाईवर, अंगठा खालून, चेंडू तळहाताला चिकटवायचा नाही आणि सुटताना बोटांनी फिरकी द्यायची. लेग-स्पिन टाकलेल्या माणसाला आठवड्यात जमतं. रोज वीस मिनिटं, कॉलच्या आधी. पहिल्या दिवसांत चेंडू कुठेही जाईल आणि पोरगा वैतागेल. वैतागू दे. यंत्र एकाच जागी एकाच वेगाने फेकतं, बाबांचा चेंडू वेडावाकडा येतो, आणि वेडावाकडाच झेलायला शिकायचं असतं. रविवारी जमलं तर डंबार्टन पूल ओलांडून एजवूड पार्कला जा. राइस सुट्टीच्या मोसमात तिथली अडीच मैलांची चढण पळत चढायचा. ह्यांनी चालत चढावी. धापा टाकणाऱ्या बापाशी मुलं जास्त बोलतात, का ते मला विचारू नका.

बाकीचे प्रश्न. डोक्याला मार लागायची भीती रास्त आहे. कॅलिफोर्नियात तसा संशय आला तरी मुलाला बाहेर काढावं लागतं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवता येत नाही. तो नियम पाळला जातोय का, हे कोचला सीझनच्या आधी विचारा, मागाहून नव्हे. प्रोटीनचं म्हणाल तर डाळ, दही, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, आणि कोचला एकदा मटकीची उसळ खायला घाला. सासूबाई येताहेत आणि नातू मराठी बोलत नाही: त्यांना मैदानावर न्या, त्या ओरडतील ते त्याला कळेल. पुण्यातल्या नातेवाइकांना काय सांगायचं? काहीही सांगू नका.

आणि चेंडू टाकताना घराकडे तोंड करू नका. गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची काच गेली. नातवाने फोडली असं ह्यांना वाटतंय. फेकला मी होता.