दुसऱ्या महायुद्धानंतरची ब्रिटनमधली सर्वात कमी फरकाची पोटनिवडणूक कोणती?

इंग्लंडमधला रनकॉर्न अँड हेल्सबी मतदारसंघ, १ मे २०२५. फक्त ६ मतं! रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाच्या सारा पोचिनना १२,६४५ आणि लेबर (मजूर) पक्षाच्या कॅरन शोरना १२,६३९, दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे इतक्या कमी फरकाने एकही पोटनिवडणूक गेली नव्हती. फेरमोजणी करावी लागली, निकाल यायला दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली.

मला जास्त धक्का याचा बसला की २०२४ ला हीच सीट लेबरने जवळपास १४,७०० च्या लीडने काढली होती, पण त्यांच्या खासदाराने रस्त्यात एका माणसाला ठोसे मारले, कोर्टाने शिक्षा दिली, राजीनामा द्यावा लागला आणि वर्षाच्या आत सगळं लीड गेलं. ग्रीन पार्टीने दोन हजारांवर मतं घेतली, माझ्या मते डावी मतं फुटली आणि लेबरला तेच नडलं.