एमआरआय म्हणतो सुधारणा, पेट स्कॅन म्हणतो शंका

प्रश्न : माझ्या वडिलांच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला होता आणि मानेतही एक गाठ होती. रेडिएशन व केमोथेरपी संपून सात आठवडे झाले. उपचारांपूर्वी एमआरआयमध्ये गाठीचा ‘एडीसी’ 0.85 होता, तो आता 1.5 झाला असून अहवालात त्याला सुधारणा म्हटले आहे. त्याच आठवड्यातल्या पेट स्कॅनमध्ये ‘एसयूव्ही मॅक्स’ 14 वरून 5 वर आला, तरीही ‘सक्रिय रोग नाकारता येत नाही’ असा शेरा आहे. कोणता अहवाल खरा मानावा?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण या दोन तपासण्या दोन निरनिराळ्या गोष्टी मोजतात. पेशींच्या दाटीतून पाण्याच्या रेणूंना किती मोकळेपणी फिरता येते, याचे माप म्हणजे एडीसी. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यासाठी हा आकडा याच एककात सुमारे 3 येतो. पेशी खच्चून भरलेल्या गाठीत तो बराच खाली असतो आणि उपचारांनी पेशी मरून जागा रिकामी होऊ लागली की वर चढतो. एसयूव्ही मोजतो ती साखरेची भूक. शिरेतून दिलेले किरणोत्सारी ग्लुकोज, म्हणजे एफडीजी, सगळ्या शरीरात सारखे पसरले असते तर सर्वत्र 1 हा आकडा आला असता. 14 याचा अर्थ त्या जागेने सरासरीच्या चौदापट ग्लुकोज ओढून घेतले.

अडचण अशी की साखरेची भूक फक्त कर्करोगालाच असते असे नाही. रेडिएशननंतर गळ्यात जी सूज राहते, तिथे साफसफाईला आलेल्या पेशीही ग्लुकोज खातात आणि पेट स्कॅनवर उजळून दिसतात. म्हणूनच उपचार संपल्यावर हा स्कॅन साधारण 12 आठवड्यांनी करण्याची पद्धत आहे. ब्रिटनमधील 564 रुग्णांच्या एका चाचणीत (तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले) 12 आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज असेल तरच मानेची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचे आयुर्मान सरसकट शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा कमी ठरले नाही. आपल्या वडिलांचा स्कॅन सातव्या आठवड्यातला आहे, हे ध्यानात घेतले की शेऱ्यातली सावध भाषा समजते. ‘नाकारता येत नाही’ हे शब्द घरी वाचताना जितके भयंकर वाटतात, तितके लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा नसतात.

एमआरआयच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये. गाठीचा मधला भाग आधीच सडलेला असेल तर तिथला एडीसी उपचारांशिवायही जास्त येतो, त्यामुळे रेडिओलॉजिस्टने मोजणीचे वर्तुळ कुठे आखले यावर आकडा बदलतो. दातांतल्या धातूमुळे आणि तपासणी चालू असताना गिळल्यामुळे या भागातली प्रतिमा वेडीवाकडी होते, हे वेगळेच. एसयूव्ही मॅक्स तर गाठीतल्या एकाच सर्वांत तेजस्वी बिंदूचा आकडा असतो. रक्तातली साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ आणि यंत्र यांपैकी काहीही बदलले की तोही हलतो. इंजेक्शननंतर रुग्णाने गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायूसुद्धा उजळतात.

‘एसयूव्ही जास्त तिथे एडीसी कमी’ असे सरळ नाते असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. डोके व मानेच्या कर्करोगात ते अनेक संशोधकांनी शोधले. कुठे क्षीण नाते दिसले, कुठे मुळीच दिसले नाही. मला यात गैर काही वाटत नाही. दोन्ही आकडे नेहमी एकच सांगत असते, तर दुसरी तपासणी करण्याचे कारणच उरले नसते. रोग मज्जातंतूच्या कडेने सरकला आहे का किंवा जबड्याच्या हाडात शिरला आहे का, हे एमआरआय अधिक चांगले दाखवतो. दूरच्या अवयवांत पसरला आहे का, हे पाहण्यात पेट सरस आहे, पण काही मिलिमीटरच्या बारीक गाठी त्याच्या नजरेतून निसटू शकतात.

तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहण्याची विनंती करा आणि दुर्बिणीने घसा तपासून घ्या. तिथे संशयास्पद काही नसेल, तर बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्याच यंत्रावर पुन्हा पेट-सीटी करावा का, हे त्यांना विचारा. घाईने बायोप्सीचा आग्रह धरू नये, कारण रेडिएशन झालेल्या जागेवरची जखम भरायला वेळ लागतो. पण घशात व्रण दिसला, दुखणे वाढत गेले किंवा मानेतली गाठ पुन्हा मोठी होऊ लागली, तर बाराव्या आठवड्याची वाट पाहू नये.