शिबिराला पैसे मिळतात, प्रश्नाला का मिळत नाहीत?

या महिन्यात पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून ढीग पडलाय आणि निम्म्या लोकांना एकच विचारायचंय, आरोग्यावरच्या रिसर्चला ग्रँट कुठून मिळेल. चार पत्रं घेतलीत. मी स्वतः बरीच वर्षं प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून प्रपोजलं लिहिते, त्यातली परत आलेलीच जास्त, तर त्या हिशोबानं वाचा.

ताई नमस्कार, सोलापूर जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे. आमच्या सातजणी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातात, ड्रेसिंग, अंग पुसणं, बेडसोअर बघणं असं सगळं. चार वर्षांत लक्षात आलं की पेशंट आहे तसाच राहतो आणि त्याला सांभाळणारी सून आजारी पडते. यावर नीट अभ्यास करायचाय. दोन कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्यांना भेटलो, ते म्हणतात शिबिर घ्या, उद्या चेक देतो. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची वेबसाइट उघडली तर डोकं गरगरलं. सुरुवात कुठून करू?

सीएसआरवाल्यांवर रागावू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते आणि ती कशावर करायची ते सातव्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. आरोग्यसेवा त्यात सरळ बसते म्हणून शिबिर चालतं. संशोधनाचंही कलम आहे पण ते मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आणि विद्यापीठांसाठी, तुमचा ट्रस्ट तिथे बसवायला कंपनीचा सीए धजत नाही, आणि खरं सांगू का, शिबिराचा फोटो निघतो, प्रश्नावलीचा काय फोटो काढणार. म्हणून सीएसआरकडे सेवेचेच पैसे मागा, सातजणींचा पगार, ग्लोव्हज, एअर मॅट्रेस. रिसर्चचा पैसा दुसऱ्या दारातून येतो.

पण त्याआधी एक करा, तुमच्या कामातली सेवा कुठे संपते आणि रिसर्च कुठे सुरू होतो ते कागदावर वेगळं लिहून काढा. मी वाचलेल्या दहातल्या सात प्रपोजलांचा घोळ इथेच असतो, "आम्ही घरोघरी जाऊ, मदत करू, जनजागृती करू" असं पंधरा पानं लिहिलेलं असतं आणि शोधायचं काय ते कुठेच नसतं. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरी काळजी घेतली, ही झाली सेवा. पण त्यांनी ते ३९ गावांत केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवून दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मोजले, म्हणून १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापता आलं की तिसऱ्या वर्षी बालमृत्यू, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतले, तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेची ती ४७ गावं नसती तर सगळ्यांनी छान छान म्हटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाहीये. तुमच्याकडे एक गोष्ट आयती आहे, ती म्हणजे सातजणींची रजिस्टरं. शेवटचा रकाना 'शेरा'चा असतो ना? मी एका संस्थेचं असं रजिस्टर बघितलंय, पेशंटच्या बीपीसमोर पेन्सिलीनं लिहिलेलं, "सून कंबर धरून बसली", "सून माहेरी, लेकानं जेवण दिलं नाही", "सून म्हणते झोपच नाही". प्रपोजलच्या पहिल्या पानावर हे पाहिजे. चार वर्षांत किती घरं, त्यातल्या किती घरांत असा शेरा, एवढं मोजलंत तरी वाचणाऱ्याला कळतं की या माणसांना प्रश्न माहितीये. फक्त ती रजिस्टरं सेवेसाठी ठेवलेली आहेत, रिसर्चला वापरायची तर एथिक्स कमिटीची, म्हणजे रिसर्चमध्ये माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीची परवानगी लागते, आधी मोजून मग परवानगी असं करू नका.

आता दारं. आयसीएमआर संस्थांना पैसे देते पण संस्था संशोधन करणारी आहे याचा कागद मागते, डीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान-संशोधन खात्याची मान्यता वगैरे, आणि मुख्य संशोधक तिथे नियमित नोकरीत लागतो. छोट्या ट्रस्टकडे हे नसतं. त्यावर साधा उपाय म्हणजे जवळच्या मेडिकल कॉलेजचं पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचं डिपार्टमेंट गाठा. तिथल्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करा, तुम्ही सह-संशोधक व्हा. त्यांना चांगली फील्ड साइट हवीच असते, तुम्हाला त्यांची एथिक्स कमिटी आणि स्टॅटिस्टिक्सवाला मिळतो. आयसीएमआरची 'स्मॉल' ग्रँट २ कोटींपर्यंत जाते, नाव स्मॉल आहे पण, तो आकडा बघून बजेट फुगवू नका, सात बायका आणि दोन तालुके यांच्यासाठी कोटीचं बजेट मागितलं की कमिटी पहिलं पानच बाजूला ठेवते.

आणि मला विचाराल तर तुमचा विषय आयसीएसएसआरचा, म्हणजे समाजविज्ञान संशोधनाच्या केंद्रीय परिषदेचा जास्त आहे. बेडसोअर हा आयसीएमआरचा प्रश्न, पण सुनेनंच का सांभाळायचं, लेक काय करतो, तिची मजुरी बुडते ती कोण मोजतं, हा समाजविज्ञानाचा प्रश्न. आयसीएसएसआर १९६९ सालची, ऑफिस दिल्लीला, पण पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये आहे, जे. पी. नाईक भवनात. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे, आयसीएसएसआरचे पहिले सदस्य-सचिव, गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांच्याच नावाशी जोडलेलं. मोठा प्रकल्प, छोटा प्रकल्प असे दोन प्रकार असतात, तुम्ही छोट्यापासून सुरू करा आणि इथेही विद्यापीठातला किंवा कॉलेजातला कुणीतरी सोबत घ्या.

सुनांचा त्रास मोजायला झारिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. कॉपीराइट आहे, परवानगी काढा, गुगल ट्रान्सलेटनं मराठी करून छापू नका. आणि एथिक्स कमिटी तुम्हाला हमखास एक विचारणार, मुलाखत घेणार कुठे? एका खोलीचं घर, सासू शेजारच्या खाटेवर पडून सगळं ऐकतेय, आणि तुम्ही सुनेला विचारणार "तुम्हाला या माणसाचा राग येतो का". ती काय बोलणार? गोठ्यात, विहिरीवर, शेजारणीच्या ओट्यावर, काय ते आधी ठरवा आणि प्रपोजलमध्ये लिहा, अशा एका वाक्यानं कमिटीला कळतं की तुम्ही त्या घरात गेलेले आहात.

मॅडम, मी बीएएमएस दुसऱ्या वर्षाला आहे, एमबीबीएसच्या मित्राला आयसीएमआरचं एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांना रिसर्चसाठी मिळणारं मानधन मिळालं, आम्हाला असं काही नसतं का?

असतं की. मित्राचं एसटीएस १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी. तुमच्यासाठी सीसीआरएएस या आयुर्वेद संशोधनाच्या केंद्रीय परिषदेनं २०२२ ला 'स्पार्क' सुरू केलं, तेही दोन महिन्यांचं, ५० हजार रुपये मिळतात. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडेही चौकशी करा, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ही सर्क्युलरं लागतात पण त्यावर लगेच फी भरायची नोटीस चिकटवतात त्यामुळे दिसत नाहीत. गाइड आधी पकडा. आणि विषय दोन महिन्यांत मावेल एवढाच घ्या, "महाराष्ट्रातील मधुमेह" नको, तुमच्या कॉलेजच्या ओपीडीत मंगळवारी येणारे मधुमेहाचे पेशंट, एवढं पुरे.

ताई, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. आपल्याकडची आजी-आजोबा मंडळी हॉस्पिटलमधून घरी गेली की काउन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, घरी येऊन सांभाळणारा केअरर घ्यायलाच तयार नसतात, म्हणतात परक्या माणसाकडून अंघोळ नको. यावर रिसर्च करायचाय. जमलं तर सोबत साताऱ्यातही, मैत्रिणीची संस्था आहे तिथे. इथे रिसर्चला पैसे देणाऱ्या सरकारी एनआयएचआरच्या एवढ्या स्कीम आहेत की कळत नाही कुठली.

तुमच्याकडे पैशाची पेटी एकच मोठी आहे त्यामुळे शोधाशोध आमच्यापेक्षा कमी. एनआयएचआर २००६ ला निघालं, २०२२ ला नावात 'हेल्थ अँड केअर' आलं, म्हणजे सोशल केअर, घरी जाऊन सांभाळण्याची सेवा, आता पाहुणी नाही, घरची आहे. स्कीम नावावरून निवडू नका, प्रश्नावरून निवडा. एखादी पद्धत पेशंटला उपयोगी पडते का हे रोजच्या कामातून तपासायचं असेल तर रिसर्च फॉर पेशंट बेनिफिट. सेवा कशी पोचते, हॉस्पिटल आणि काउन्सिल यांच्यामधल्या फटीत माणूस कसा पडतो, हा प्रश्न असेल तर हेल्थ अँड सोशल केअर डिलिव्हरी रिसर्च. तुमचं पत्र वाचून मला दुसरी स्कीम बरोबर वाटते, पण पहिल्यांदाच अर्ज करताय तर पहिलीकडेही नजर ठेवा. सोशल केअरसाठी वेगळी स्कीमही आता निघाली आहे, तीही बघा.

फॉर्म उघडायच्या आधी रिसर्च सपोर्ट सर्व्हिसला मेल टाका. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आहे, त्याआधी रिसर्च डिझाइन सर्व्हिस होती, फुकट सल्ला देतात, स्टॅटिस्टिक्सपासून बजेटपर्यंत. आपली माणसं तिथे जायला लाजतात, वाटतं अर्धवट कल्पना घेऊन कसं जायचं. अर्धवटच घेऊन जायचं, पक्की झाल्यावर ते काय सांगणार. दुसरं म्हणजे पेशंट आणि लोकांचा सहभाग. तिथे हा नुसता टिक करायचा चौकोन नाही, प्रश्न ठरवताना आजी-आजोबा कुठे होते हे विचारतात. तेव्हा मंदिरात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये चहाला बोलवा, आठ-दहा जण, आणि विचारा की अंघोळ परक्याकडून नको म्हणजे नक्की काय नको, बाई हवी की मराठी-गुजराती बोलणारी हवी की पाणी अंगावर ओतून घ्यायचं असतं आणि तो स्पंजनं पुसतो. हा शेवटचा मुद्दा मला माझ्या आत्यानं सांगितलेला, तिची तक्रार तेवढीच होती, बादली आणि तांब्या द्या म्हणे. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, ते बजेटमध्ये धरायचे असतात. आणि साध्या इंग्रजीतला सारांश आधी लिहा, शेवटी रात्री दोनला नाही.

साताऱ्याचं मात्र वेगळं ठेवा. इंग्लंडच्या सेवेसाठीचा पैसा इकडे येणार नाही, परदेशातल्या कामाला एनआयएचआरची ग्लोबल हेल्थ रिसर्चची वेगळी शाखा आहे. आणि पैसे आले तरी मैत्रिणीच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घ्यायची सरकारी नोंदणी हवी, दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत खातं हवं, २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं परदेशी पैसा घेऊन दुसरीला द्यायची सोयही राहिलेली नाही. शिवाय परदेशी पैशातल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी, ती आयसीएमआरमार्फत. एवढं सगळं पहिल्याच अर्जात अंगावर घेऊ नका. आधी लेस्टर करा.

ताई, एक गृहस्थ भेटलेत, म्हणतात दिल्लीत ओळख आहे, ग्रँट मंजूर करून देतो, ५ टक्के आधी द्यायचे. प्रपोजल पण तेच लिहिणार. आमच्या अध्यक्षांना पटलंय. काय करू?

नाही म्हणा. सरकारी ग्रँटला एजंट नसतो. प्रपोजल तज्ज्ञांकडे वाचायला जातं आणि ते त्यावर मार्क देतात, तुमच्या गृहस्थांची ओळख असलीच तर गेटवरच्या वॉचमनशी असेल.

अध्यक्षांना हिशोबाच्या भाषेत सांगा, त्यांना ती लवकर कळेल. ग्रँट मंजूर होते ती हेडप्रमाणे, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यांप्रमाणे, माणसांचा पगार, प्रवास, साहित्य, किरकोळ, ओव्हरहेड. वर्ष संपलं की जीएफआर १२-ए या सरकारी फॉर्ममध्ये यूसी, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे वापरल्याचा दाखला द्यायचा, सोबत खर्चाचं स्टेटमेंट, सीएची सही. त्यात "दिल्लीच्या गृहस्थांना ५ टक्के" हे कुठल्या हेडखाली घालणार? मग कुणीतरी खोटं टॅक्सी बिल करतं आणि तिथून सगळं घसरतं.

यूसीनं मी पोळलेली आहे म्हणून सांगते. पूर्वी जिथे होते तिथे आमच्या अकाउंट्सवाल्यांनी प्रवासाचे १८ हजार चुकून साहित्याच्या हेडला टाकले. चोरी नाही, काही नाही, नुसती चूक. यूसी परत आली, दुरुस्त करून पाठवली, तोवर ३१ मार्च उलटला आणि पुढचा हप्ता पाच महिने लटकला. दोन फील्डवाल्या पोरी त्या पाच महिन्यांत काम सोडून गेल्या, त्यांनी केलेल्या मुलाखतींचा पुढचा राउंड झालाच नाही. तेव्हापासून मी दर महिन्याच्या पाच तारखेला अकाउंट्समध्ये स्वतः जाऊन बसते, हेड बघते, चहा त्यांना मी पाजते.

त्या गृहस्थांचा नंबर तुम्ही पत्रात दिलाय तो मी छापत नाहीये. तुम्ही ब्लॉक करा, आणि अध्यक्षांच्या फोनवरूनही करा.