उत्तर : डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल वाचताना गणित कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या एकाने आपल्या वॉर्डाचा निकाल उघडला. मतदार ४,३००, सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज २,७४०, आणि खाली मतदान मात्र ३४.९ टक्के. ‘बेरजेने ६३.७ टक्के येतात, मग घोळ कुणाचा?’ त्याशिवाय तीन उपप्रश्न: पक्षनिहाय तक्त्याखालच्या ‘नो ओव्हरऑल कंट्रोल’चा अर्थ काय, आता तरी रस्त्यातले खड्डे बुजतील का, आणि भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का.

खड्ड्यांचं आधी उरकू. नाही बुजणार, निदान या निकालामुळे नाही. जिथे स्थानिक कारभाराचे दोन स्तर आहेत (वर काउंटी कौन्सिल, तिच्या हद्दीत लहान डिस्ट्रिक्ट कौन्सिला) तिथे रस्ते, शाळा, ग्रंथालयं, वृद्धांची आणि मुलांची काळजी हे सगळं काउंटी कौन्सिलकडे. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या, बेघरांची सोय, दारू आणि टॅक्सीचे परवाने, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची तपासणी. गोंधळ होतो तो कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, बिलामुळे. बिल डिस्ट्रिक्ट पाठवते, वसूलही तीच करते, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. शिव्या मात्र बिलावर ज्याचं नाव त्यालाच. नावात ‘बरो’ किंवा ‘सिटी’ असलं तरी ती डिस्ट्रिक्टच असू शकते. बरो हा नुसता मान आहे, अधिकार तेवढेच. तुमच्याकडे एकच स्तर असेल, म्हणजे युनिटरी असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता बेरीज. तुमचा वॉर्ड दोन जागांचा आहे. महाराष्ट्रातल्या (मुंबई सोडून) महापालिकांचा प्रभाग डोक्यात ठेवून हा निकाल वाचला की हमखास चुकतं. प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. इंग्लंडमध्ये सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आडनावांच्या अक्षरक्रमाने, एकाच यादीत. जागा दोन तर मतदाराला दोन फुल्या मारता येतात, वरचे दोन निवडून येतात. आरक्षण नाही, नोटा नाही, यंत्रही नाही. कागद आणि दोरी बांधलेली पेन्सिल.

म्हणून ४,३०० पैकी १,५०० जणांनी मतदान केलं तर तेच ३४.९ टक्के. त्यातल्या १२ पत्रिका बाद झाल्या. उरलेल्या १,४८८ पत्रिकांवर जास्तीत जास्त २,९७६ मतं पडू शकत होती, पडली २,७४०. मधली २३६ मतं कुणी चोरली नाहीत, लोकांनी एकच फुली मारून दुसरं मत वापरलं नाही, एवढंच. मतदानाची टक्केवारी पेटीतून निघालेल्या कागदांवरून काढतात, बाद धरून. फुल्यांवरून कधीच नाही.

खरी गंमत पक्षांच्या टक्केवारीत आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांत पहिल्या पक्षाच्या दोघांना ७०० आणि ६४०, दुसऱ्याच्या दोघांना ५६० आणि ५१०, तिसऱ्याने एकच उमेदवार दिला त्याला ३३०. सगळ्या मतांची बेरीज धरली तर तिसऱ्या पक्षाला १२ टक्के. प्रत्येक पक्षाच्या फक्त वरच्या उमेदवाराची मतं धरली (७००, ५६०, ३३०, एकूण १,५९०) तर त्यालाच २०.८ टक्के. दोन्ही हिशेब प्रामाणिक आहेत, अर्थ वेगळे. जिथे पक्ष पूर्ण पॅनेल उभं करत नाहीत तिथे वरच्या उमेदवाराची पद्धत जास्त खरं चित्र देते, असं माझं मत. पण एका वर्तमानपत्रातले १२ आणि दुसरीकडचे २०.८ शेजारी ठेवून ‘पक्ष वाढला’ म्हणणं ही शुद्ध चूक, आणि ती दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी करतंच. दुसरं बघा: पहिल्या पक्षाला वरच्या उमेदवाराच्या हिशेबाने ४४ टक्के, पण जागा दोन्ही. वॉर्डा-वॉर्डांत असं झालं की कौन्सिलच्या पातळीवर एकतर्फी निकाल दिसतो.

एकाच पक्षाच्या दोघांत ६० मतांचा फरक का, असाही प्रश्न येईल. मतदार पॅनेल फोडतात हे एक कारण. दुसरं कारण अगदीच साधं: ज्याचं आडनाव यादीत वर, त्याला सहसा थोडी जास्त मतं मिळतात. लोक वरून खाली वाचत येतात, एक फुली मारतात आणि थांबतात. त्या साठ मतांवरून लोकप्रियता मोजू नका.

मतमोजणी कशी होते हे कळलं की निकालपत्रातली प्रत्येक ओळ वाचता येते. मतदान मेच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. मोजणी काही ठिकाणी त्याच रात्री, बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी दिवसा. पहिला टप्पा पडताळणीचा: केंद्राध्यक्षाने लिहून दिलेला हिशेब आणि पेटीतल्या पत्रिका जुळतात का, एवढंच बघतात. कोणाला मत पडलं ते तेव्हा मोजत नाहीत. टपाली मतं आधीच उघडून सही आणि जन्मतारीख तपासलेली असते. ती पेट्यांतल्या मतांत मिसळूनच मोजतात, म्हणून ‘टपालात कोण पुढे’ हे अधिकृत निकालात कधी दिसणार नाही.

मग खरी मोजणी. एका जागेच्या वॉर्डात उमेदवारवार गठ्ठे लावले की झालं. दोन-तीन जागांच्या वॉर्डात आधी दोन ढीग करतात: सगळ्या फुल्या एकाच पक्षाला दिलेल्या पत्रिका एकीकडे आणि फुटलेल्या पत्रिका दुसरीकडे. पहिल्या ढिगाचे गठ्ठे बांधून मोजणं सोपं. फुटलेल्या मतांसाठी ‘ग्रास स्कर्ट’ नावाचा प्रकार वापरतात. मोठ्या कागदावर पत्रिका एकावर एक अशा सरकवून चिकटवायच्या की प्रत्येकीचा फक्त फुल्यांचा रकाना दिसत राहील, शेजारच्या पत्रिकेला खेटून. मग एकेका उमेदवाराच्या रेघेवर बोट धरून आडवं मोजत जायचं आणि शेवटी बेरीज लिहायची. कडेने लोंबणाऱ्या पट्ट्या गवताच्या घागऱ्यासारख्या दिसतात म्हणून ते नाव. वेळखाऊ काम आहे, आणि चूक होते ती बहुधा इथे किंवा गठ्ठ्यांत. २५ पत्रिकांचा एक गठ्ठा चुकीच्या पक्षाच्या ढिगात गेला तर एकाचे २५ कमी आणि दुसऱ्याचे २५ जास्त, म्हणजे अंतर ५० मतांनी हलतं. म्हणूनच निकाल अटीतटीचा असला की आधी गठ्ठे चाळून बघतात, सगळं पहिल्यापासून मोजत नाहीत.

निकाल जाहीर करण्याआधी निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना कच्चे आकडे दाखवतो. फेरमोजणी मागायची ती तेव्हाच. मागणी अवास्तव वाटली तर तो नकार देऊ शकतो. एकदा जाहीर झालं की मागे फिरता येत नाही. मग २१ दिवसांत निवडणूक याचिका, एवढाच रस्ता.

बाद मतांचा तक्ता निकालपत्रात खाली असतो आणि कुणी वाचत नाही. तो वाचा. चार कारणं छापलेली असतात: अधिकृत खूण नसणं, हक्कापेक्षा जास्त फुल्या, मतदार ओळखू येईल असं काही लिहिणं, कोरी किंवा अर्थच न लागणारी पत्रिका. दोन जागांच्या वॉर्डात तीन फुल्या मारल्या तर पूर्ण पत्रिका बाद. एकच मारली तर चालते. फुलीऐवजी टिकमार्क केला, किंवा फुली चौकोनाबाहेर गेली, तरी इच्छा स्पष्ट असेल तर मत धरतात. ‘जास्त फुल्या’चा आकडा मोठा असेल तर बहुतेक त्याच दिवशी दुसरी निवडणूकही होती, जसं पॅरिश कौन्सिलची (गावपातळीवरची सर्वांत लहान कौन्सिल), आणि लोकांनी दोन पत्रिकांचे नियम एकमेकांत मिसळले. अनामत जप्त झाली का, हे मात्र शोधू नका. कौन्सिलच्या निवडणुकीत अनामत रक्कमच नसते.

मतं समान पडली तर चिठ्ठ्या किंवा काड्या. हसण्यावारी नेऊ नका. २०१७ साली नॉर्थम्बरलँडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोघांना ३५६-३५६ मतं पडली, काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या बाजूने निघाली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष ६७ पैकी ३३ वर अडकला. बहुमताला ३४ लागत होत्या. (ती युनिटरी कौन्सिल आहे, पण नियम तोच.)

आता ‘नो ओव्हरऑल कंट्रोल’. अर्थ इतकाच की कोणत्याही एका पक्षाला निम्म्याहून जास्त जागा नाहीत. आपण त्रिशंकू म्हणतो ते. ईस्ट हर्टफर्डशायर डिस्ट्रिक्ट हे नमुन्यादाखल उत्तम. एकूण ५० जागा. २०१५मध्ये पन्नासच्या पन्नास कॉन्झर्व्हेटिव्हांच्या, २०१९मध्ये ४०, आणि २०२३मध्ये ग्रीन १९, कॉन्झर्व्हेटिव्ह १६, लिबरल डेमोक्रॅट १०, लेबर ५. बहुमताला २६ हव्यात. तक्ता इथे संपतो, कारभार कोणाचा ते तक्त्यात नाही. ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट एकत्र आले, १९ अधिक १० म्हणजे २९, आणि त्यांनी कौन्सिल चालवायला घेतली. याउलट त्याच दिवशी सफोकमधल्या मिड सफोकमध्ये ग्रीन पक्षाने ३४ पैकी २४ जागा घेतल्या. ब्रिटनमधल्या एखाद्या कौन्सिलमध्ये त्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि एसेक्समधलं कॅसल पॉइंट बघा: २०२४मध्ये ३९च्या ३९ जागा दोन स्थानिक पक्षांकडे गेल्या, २४ आणि १५. राष्ट्रीय पक्षांचा आकडा शून्य. टीव्हीवरच्या रंगीत नकाशात अशा जागा ‘इतर’मध्ये जातात आणि तिथे नेमकं काय घडलं ते दिसतच नाही.

कारभारी ठरतो तो वार्षिक सभेत. नवे सदस्य मतदानानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, पदावर येतात आणि त्यापुढच्या २१ दिवसांच्या आत ही सभा होते. तिथे लीडर निवडतात, सत्ता त्याच्याकडे. अध्यक्ष किंवा मेयर हा बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये सभा चालवणारा आणि गळ्यात साखळी घालून उद्घाटनं करणारा मानकरी. पण मतं समसमान झाली तर त्याचं निर्णायक मत असतं, त्यामुळे बरोबर निम्म्या-निम्म्या सभेत हा मानकरी एकदम महत्त्वाचा होतो.

पक्षाच्या जागा किती वाढल्या-घटल्या ते सांगणारा ‘+/-’चा रकाना सावधपणे वाचा. एक जण मागच्या निवडणुकीशी तुलना करतो, दुसरा निवडणुकीच्या आदल्या दिवशीच्या संख्याबळाशी. मधल्या काळात पोटनिवडणुका झाल्या, पक्षांतरं झाली, तर दोघांचे आकडे वेगळे येणारच. वॉर्डांच्या सीमा बदलल्या असतील तर तुलना अंदाजाचीच. पक्षांतराबद्दल एक सांगतो: महाराष्ट्रात पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन पक्ष सोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, इंग्लंडच्या कौन्सिलांना तसा कायदाच नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये ऑक्सफर्डच्या काही लेबर सदस्यांनी पक्ष सोडला आणि एकही मत न पडता पक्षाचं बहुमत गेलं.

ऑक्सफर्डवरून आठवलं: तुमच्या कौन्सिलमध्ये सगळ्या जागांची निवडणूक चार वर्षांतून एकदा होते की टप्प्याटप्प्याने, ते आधी बघा. ऑक्सफर्डला ४८ जागा, २४ वॉर्ड, दर दोन वर्षांनी निम्म्या. काही ठिकाणी तीन वर्षं दरवर्षी एकतृतीयांश आणि चौथं वर्ष मोकळं. अशा ठिकाणी एखाद्या पक्षाने त्या दिवशीच्या बहुतेक जागा जिंकल्या तरी सत्ता दुसऱ्याकडेच राहू शकते. तक्त्यात ‘या वेळी निवडून आलेले’ आणि ‘आता एकूण’ असे दोन रकाने असतात, दुसरा बघा.

पासपोर्ट. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेल्या प्रौढ भारतीय नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. विद्यार्थी असो की नोकरीच्या व्हिसावर असो. मतदार यादीत नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं, मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधी. मे २०२३पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, चेहरा जुळत असेल तर. फोनमधला फोटो चालत नाही, मूळ कागदच हवा. त्या पहिल्याच वर्षी निदान १४,००० जण ओळखपत्राअभावी केंद्रावरून परत गेले ते मत न देताच. ओळखपत्र नसेल तर मोफत मतदार प्रमाणपत्र मिळतं, त्याचा अर्ज ६ कामकाजाच्या दिवसांआधी संध्याकाळी ५ पर्यंत. टपाली मतासाठी अर्ज ११ कामकाजाच्या दिवसांआधी. त्या पाकिटात जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवशीची तारीख लिहू नका. ही चूक दरवेळी होते, आणि तसं पाकीट मोजणीपर्यंत पोचतच नाही.